कोळीवाड्याची हद्द पाण्यात असते

वरळीच्या उत्तर टोकाला, माहीमच्या उपसागराच्या तोंडाशी वरळी कोळीवाडा आहे. टोकावर सतराव्या शतकातला इंग्रजांचा किल्ला, किल्ल्याला टेकून दाटीने उभी असलेली घरे, गोल्फादेवीचे देऊळ, किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या आणि समोर वांद्रे-वरळी सागरी सेतू. दादर किंवा परळहून टॅक्सीने इथे यायला फारसा वेळ लागत नाही. तरीही सेतूवरून रोज ये-जा करणाऱ्या बहुतेक मुंबईकरांना हा कोळीवाडा म्हणजे शहराच्या वाढीतून चुकून शिल्लक राहिलेले एखादे खेडे वाटते. ते कधी ना कधी शहरात विरघळणार, तोवर त्याच्याकडे कौतुकाने पाहावे किंवा दयेने, असा एकंदर समज आहे.

हा समज उथळ आहे. कोळीवाडा हे समुद्रात चालणाऱ्या एका व्यवसायाचे जमिनीवरचे टोक आहे. घरे हा त्याचा लहान भाग. मोठा भाग पाण्यात आहे: होड्यांच्या वहिवाटीचे मार्ग, जाळी लावण्याच्या जागा, ओहोटीला उघडे पडणारे खडक. कोळीवाडा टिकणार की जाणार याचा निकाल या पाण्यावरच्या वहिवाटीवर लागतो. कायदा, नगरनियोजन आणि सदिच्छा या तिघांनीही आजवर पाहिले ते मात्र घरांकडेच.

१. झोपडपट्टी आणि वारसा

कोळीवाड्याकडे पाहण्याच्या दोन रूढ नजरा आहेत. वरवर त्या एकमेकींच्या विरोधात दिसतात.

पहिली नजर झोपडपट्टीची. महाराष्ट्राचा झोपडपट्टीविषयक कायदा १९७१ चा. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण १९९५ मध्ये आले. या कायद्याची कसोटी मुख्यतः घराची आणि परिसराची अवस्था पाहते: दाटी, हवा, उजेड, सांडपाणी, आरोग्य. या कसोटीवर कोळीवाड्याची अरुंद गल्ली सहज नापास होते. दोन घरांमधली मोकळी जागा ‘वापरात नसलेली’ ठरते. प्रत्यक्षात तिथे सकाळी जाळे पसरून दुरुस्त होते, दुपारी जवळा वाळतो आणि पावसाळ्यात होडीचे सामान रचून ठेवले जाते. ती जागा कारखान्याच्या शेडइतकीच कामाची आहे, फक्त तिला छप्पर नाही. कोळीवाड्याला उंच इमारतीत हलवले तर माणसांना संडास-न्हाणीसकट खोल्या मिळतात हे खरे. पण बाराव्या मजल्यावर जाळे शिवता येत नाही आणि सोसायटीच्या गच्चीवर सुके बोंबील घालायला कुणी परवानगी देत नाही.

दुसरी नजर वारशाची. तिला लाल टोपी, सुरक्याचे नेसणे, नारळी पौर्णिमेची मिरवणूक, लग्नातला बँड आणि खाद्यमहोत्सवातली तळलेली तुकडी दिसते. ही नजर प्रेमळ आहे. मुंबई मूळची कोळ्यांची, मुंबादेवी त्यांची, असे ती अभिमानाने सांगते. मात्र मूळचे असण्याचा मान देऊन ती थांबते. मूळच्या माणसांचा आजचा धंदा कुठल्या पाण्यात चालतो, हा प्रश्न तिला पडत नाही.

दोन्ही नजरा जमिनीवर खिळलेल्या आहेत. एकीला कोळीवाड्याची घरे पाडायची आहेत, दुसरीला ती रंगवायची आहेत. समुद्राकडे पाठ फिरवण्यात दोघींचे एकमत आहे.

२. पाणी गेलेले कोळीवाडे

घरे राहिली आणि पाणी गेले तर काय होते, हे पाहण्यासाठी तर्क लढवण्याची गरज नाही. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर हा प्रयोग होऊन गेला आहे.

मांडवी, डोंगरी, माझगाव हा एके काळचा कोळ्यांच्या वावराचा किनारा. १८७३ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. त्यानंतर १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, सुरू झाला. भराव, गोदामे, रेल्वेचे रूळ आणि कुंपणे यांनी शहर आणि पाणी यांच्यामध्ये एक रुंद पट्टा उभा केला. मांडवी कोळीवाडा हे नाव मस्जिद बंदरच्या गर्दीत आजही आहे. त्याच्या दारात समुद्र नाही. शीव कोळीवाड्याचे नाव तर देशभर पोहोचले, पण ते हॉटेलच्या मेन्यूवरच्या ‘प्रॉन्स कोळीवाडा’मुळे. तो पदार्थही फाळणीनंतर तिथे वसलेल्या पंजाबी निर्वासितांच्या हातचा.

पश्चिमेकडे हीच गोष्ट सावकाश घडत गेली. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी वेलार्डने महालक्ष्मी आणि वरळी यांमधली खिंड बुजवली. १८३८ मध्ये कुलाब्याचा आणि १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे झाला. पुढे बॅकबेचा भराव एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात हप्त्याहप्त्याने पडत राहिला. या सगळ्या कामांमागे एक न बोललेले गृहीतक आहे: समुद्र म्हणजे अजून भराव न पडलेली जमीन. सात बेटांचे एक शहर करणाऱ्या अभियांत्रिकीचे कौतुक शाळेच्या पुस्तकांत आहे आणि ते वाजवीही आहे. पण त्या बेटांमधल्या पाण्यात जे चालत होते त्याची नोंद कुठल्याही जमाखर्चात नाही.

३. समुद्र रिकामा नसतो

किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला समुद्र सपाट आणि मोकळा दिसतो. मासेमारीच्या दृष्टीने तो शेताइतकाच वाटलेला असतो. हे समजण्यासाठी मुंबई आणि उत्तर कोकणच्या कोळ्यांचे खास जाळे, डोल, जवळून पाहावे.

डोल म्हणजे शंकूच्या आकाराचे लांबलचक पिशवीसारखे जाळे. तोंड रुंद, शेपटीकडे निमुळते. तोंडाकडचे आस, म्हणजे जाळ्याची भोके, मोठे, शेपटीकडचे बारीक. हे जाळे माशाच्या मागे जात नाही. ते एका जागी, समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना किंवा नांगरांना बांधून, प्रवाहाच्या समोर तोंड करून उभे ठेवतात. भरती-ओहोटीचा जोर तोंड उघडे ठेवतो आणि बोंबील, जवळा, मांदेली, कोळंबी प्रवाहाबरोबर आत येते. प्रवाह थांबला की तोंड मिटते, म्हणून पाणी फिरण्याआधी जाळे उचलावे लागते. पाणी रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा फिरते. त्यामुळे डोलकराचा दिवस घड्याळाच्या चोवीस तासांत बसत नाही. आज पहाटे असलेले काम आठवड्याने सकाळी उशिरा येते. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला प्रवाह जोरात, मासळी जास्त. अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी मंद, तेव्हा डोल टाकून फारसे हाती लागत नाही.

यातून तीन गोष्टी निघतात.

पहिली, जागा महत्त्वाची. तळ कुठे चिखलाचा, कुठे खडकाळ, प्रवाह कुठे सरळ आणि कुठे भोवऱ्याचा, हे ठाऊक असल्याशिवाय डोल लावता येत नाही. जागा चुकली तर जाळे फाटते किंवा रिकामे येते.

दुसरी, जागा कुणाची तरी असते. सरकारी दप्तरात नसली तरी गावागावांत, घराघरांत ती ठरलेली असते. डोल बांधण्यासाठी समुद्रात रोवलेल्या खांबांना कवी म्हणतात. या कवींच्या हद्दीवरून वसई-उत्तनचे मच्छिमार आणि पालघर-डहाणूचे मच्छिमार यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालला. रिकाम्या जागेसाठी कुणी इतके भांडत नाही.

तिसरी, हे ज्ञान हलवता येत नाही. तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्या म्होरक्याला, जे ठाऊक असते ते ‘मासेमारी’ या सर्वसाधारण कौशल्यात मोडत नाही. ते एका विशिष्ट पाण्याचे ज्ञान असते. वरळीच्या किनाऱ्याजवळ छोट्या होडीने जाळी टाकणाऱ्याला पाण्याखालचे खडक पाठ असावे लागतात. ओहोटीला खडकांवरून कालवे फोडणाऱ्या, खुबे आणि तिसऱ्या वेचणाऱ्या बायकांनाही कुठला खडक किती वेळ उघडा राहतो हे माहीत असते. हा खडकाळ पट्टा भराव टाकणाऱ्याला सर्वांत स्वस्त पडतो, कारण तो उथळ असतो. शेवंड, चिंबोऱ्या आणि लहान मासळी राहते तीही तिथेच.

४. साठ मीटर आणि एकशेवीस मीटर

मुंबईच्या किनारी रस्त्याचे काम २०१८ मध्ये सुरू झाले. मरीन लाइन्सजवळच्या प्रिन्सेस स्ट्रीट उड्डाणपुलापासून सागरी सेतूच्या वरळी टोकापर्यंत साडेदहा किलोमीटरहून थोडा अधिक असा हा रस्ता. त्यासाठी समुद्रात शंभर हेक्टरांहून अधिक भराव पडला. त्यातला मोठा हिस्सा बागा आणि मोकळ्या जागांसाठी आहे, म्हणजे ‘रस्त्यासाठी नाइलाज’ हे समर्थन सगळ्या भरावाला लागू पडत नाही. किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत भराव टाकून रस्ता बांधायला जागा नव्हती. डिसेंबर २०१५ च्या दुरुस्तीने ती अपवाद म्हणून झाली. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रस्त्याला दिलेली परवानगी रद्द केली. याचिकाकर्त्यांमध्ये वरळी कोळीवाडा नाखवा मत्स्य व्यवसाय सहकारी सोसायटी होती. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झाले.

इथवरची कथा विकास विरुद्ध विरोध या ठरलेल्या साच्यात बसते. खरा मुद्दा त्यानंतर पुढे आला आणि तो बराच बारीक होता. रस्ता सेतूला जोडणारा पूल वरळीच्या क्लीव्हलँड बंदरातून होड्या बाहेर पडण्याच्या वाटेवर येत होता. आराखड्यात खांबांमधले अंतर साठ मीटर होते. मच्छिमारांनी दोनशे मीटर मागितले. काम अडवले गेले, बैठका झाल्या, आणि २०२२ च्या अखेरीस सरकारने एक खांब वगळून अंतर एकशेवीस मीटर करण्याचे मान्य केले. २०२४ मध्ये तिथे धनुष्याकृती कमानीचे पोलादी सांगाडे बसवले गेले.

या वादात दोन्ही बाजूंनी वापरलेले तर्क पाहण्यासारखे आहेत. अभियंत्याचा तर्क सरळ होता: होडीची रुंदी काही मीटर, वाट साठ मीटर, म्हणजे पुष्कळ झाले. हा रस्त्याचा हिशोब आहे. रस्त्यावर गाडी आपल्या पट्ट्यात राहते, कारण रस्ता स्थिर असतो. पाण्यात होडीबरोबर वाटही हलते. खडकाळ तोंडाशी लाट आडवी येते, प्रवाह एका बाजूला ओढतो, वारा दुसऱ्या बाजूला. परतीच्या वेळी एकाच भरतीवर अनेक होड्या येतात, काहींचे इंजिन बंद पडते, काही अंधारात येतात. खांब उभा राहिला की त्याच्याभोवती प्रवाहही बदलतो. होडी वाटेच्या मधोमध राहीलच असे गृहीत धरता येत नाही. ती किती भरकटू शकते यावर वाटेची रुंदी ठरवावी लागते.

एकशेवीस मीटर पुरेसे आहे की नाही, हा तांत्रिक प्रश्न वेगळा. ज्या मार्गावरून रोज होड्या जातात त्याची नोंद कोणत्याही नकाशात नसल्यामुळे पूल आखताना तो कुणाला दिसलाच नाही, ही मूळ अडचण आहे. जमिनीवर अशी पायवाट असती तर वहिवाटीचा दावा दाखल झाला असता. पाण्यावरच्या पायवाटेला वहिवाट म्हणायची सवय आपल्या प्रशासनाला नाही.

५. ध्रुवाजवळचे दाखले

पाण्यावरच्या, किंबहुना गोठलेल्या पाण्यावरच्या, वहिवाटीचा प्रश्न सर्वांत स्पष्ट दिसतो तो उत्तर ध्रुवाजवळच्या इनुइट वस्त्यांत. मराठी शाळांच्या पुस्तकांनी त्यांना इग्लू आणि कुत्र्यांच्या गाडीत कायमचे बसवून ठेवले आहे. आज ते लाकडी, उबदार घरांत राहतात आणि इंजिनाच्या बर्फगाडीने शिकारीला जातात. कॅनडाच्या नुनावुत प्रदेशात पंचवीस वस्त्या आहेत आणि त्यांतल्या कुठल्याही दोन वस्त्यांमध्ये रस्ता नाही. जड सामान उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर जहाजाने येते, बाकी सारे विमानाने.

तिथला पहिला दाखला ग्रीस फ्योर्डचा. १९५३ आणि १९५५ मध्ये कॅनडाच्या सरकारने उत्तर क्युबेकमधल्या इनुकजुआकची काही इनुइट कुटुंबे सुमारे दोन हजार किलोमीटर उत्तरेला, ग्रीस फ्योर्ड आणि रेझोल्यूट इथे नेऊन वसवली. तिथे शिकार मुबलक आहे असे त्यांना सांगण्यात आले. सरकारच्या लेखी इनुइट म्हणजे शिकारी, आणि शिकारी कुठेही शिकार करणार. पण इनुकजुआकच्या शिकाऱ्याला इनुकजुआकचा बर्फ ठाऊक होता. नव्या जागी हिवाळ्यात महिनोन्महिने सूर्य उगवत नाही. सील कुठे श्वासाला वर येतो, बर्फ कुठे पातळ पडतो, सगळे नव्याने शिकावे लागले. सरकारने याबद्दल २०१० मध्ये औपचारिक माफी मागितली. ती कुटुंबे जिथे पोहोचली ती जागा आज ‘दुर्गम’ म्हणून ओळखली जाते. तो दुर्गमपणा त्यांच्या वाट्याला भूगोलापेक्षा धोरणामुळे आला.

वरळीच्या मच्छिमाराला ‘होडी दुसऱ्या बंदरात लावा’ असे सांगण्यात हेच गृहीतक लपलेले असते. अंतर दोन हजार किलोमीटरांऐवजी पाच-सात किलोमीटर असेल, पण चूक त्याच जातीची.

दुसरा दाखला ग्रीनलंडचा. त्याच १९५३ मध्ये थुले इथल्या अमेरिकी हवाई तळाच्या विस्तारासाठी तिथल्या इनुइट कुटुंबांना अवघ्या काही दिवसांच्या मुदतीत शंभरहून अधिक किलोमीटर उत्तरेला कानाक इथे हलवले गेले. नवी घरे मिळाली. १९९९ मध्ये डेन्मार्कच्या न्यायालयाने हे सक्तीचे स्थलांतर होते असे मान्य करून भरपाई दिली. त्या भरपाईत गेलेल्या शिकारीच्या क्षेत्राचाही विचार होता. जुन्या जागी परतण्याचा हक्क मात्र २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नाकारला. नवे घर दिले की देणे फिटले, हा हिशोब निदान एका न्यायालयाने अपुरा ठरवला, एवढे यातून घेता येते.

तिसरा दाखला नुनावुतच्या कराराचा, आणि तो सर्वांत उपयोगी. १९९३ मध्ये इनुइट आणि कॅनडा सरकार यांच्यात करार झाला आणि १ एप्रिल १९९९ रोजी नुनावुत हा स्वतंत्र प्रदेश अस्तित्वात आला. सुमारे साडेतीन लाख चौरस किलोमीटर जमिनीची मालकी इनुइटांना मिळाली, हे नेहमी सांगितले जाते. कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की शिकारीचे आणि मासेमारीचे हक्क त्या जमिनीबाहेरही, समुद्रात आणि समुद्राच्या बर्फावरही, लिहून दिले गेले. वन्यजीवांविषयी निर्णय घेणाऱ्या मंडळात इनुइट संघटनांनी नेमलेले सदस्य आले. कोटा असतो, बंधने असतात, वादही होतात. पण वादाला बसण्यासाठी टेबल आहे आणि त्यावर इनुइटांची खुर्ची आहे.

या कराराने तिथे स्वर्ग उतरला असे मानू नये. घरांची टंचाई तीव्र आहे, किराणा दक्षिणेच्या कित्येक पट महाग आहे, तरुणांमधल्या आत्महत्यांचा प्रश्न गंभीर आहे. पण शिकारीच्या वहिवाटीला कागदावर जागा मिळाली, आणि या लेखाच्या मुद्द्यापुरते तेवढे पुरेसे आहे.

६. बाजार गेला की समुद्रही जातो

कोळीवाड्याची हद्द पाण्याच्या बाजूने जशी अदृश्य आहे तशीच ती शहराच्या बाजूनेही आहे. मासळीचा अर्धा व्यवसाय बायकांच्या हातात असतो. नाखवा होडीचा मालक असला तरी पकडलेल्या मासळीचे पैसे करते ती कोळीण. ससून डॉकवर किंवा भाऊच्या धक्क्यावर पहाटेच्या लिलावात बोली लावणे, बर्फ आणि टेम्पोची सोय, कुणाला किती उधार द्यायचे हे ठरवणे, गिरगावच्या चाळीत कुठल्या घरी सोमवारी आणि चतुर्थीला मासे चालत नाहीत हे लक्षात ठेवणे, लालबाग-परळच्या गिऱ्हाइकाला महिनाअखेरीस मांदेली आणि पगाराला पापलेट सुचवणे, ही सगळी एका धंद्याची व्यवस्थापकीय कामे आहेत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडल्या, गिरणगावात टॉवर उभे राहिले, तेव्हा या बायकांचे गिऱ्हाईक बदलले. त्याचा कोळीवाड्यावर काय परिणाम झाला, हा गिरणी संपाच्या इतिहासातला जवळजवळ अस्पर्श विषय आहे.

२०२१ मध्ये दादरच्या सेनापती बापट मार्गावरचा मासळी बाजार महापालिकेने हटवला आणि विक्रेत्यांना शहराच्या पार उत्तरेकडच्या जागा सुचवल्या. त्याच सुमारास क्रॉफर्ड मार्केटजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज मंडईतल्या घाऊक मासळी विक्रेत्यांनाही ऐरोलीकडे जाण्यास सांगण्यात आले आणि कोळणी रस्त्यावर उतरल्या. वास, गर्दी, धोकादायक इमारत ही पालिकेची कारणे खोटी नव्हती. पण बाजाराची जागा म्हणजे केवळ ओटे आणि नळ असे धरले गेले. भल्या पहाटे लिलावातून निघून उजाडताच गिरगावात आणि नऊला परळच्या गल्लीत पोहोचणारी साखळी तुटली, तर ओटा कितीही चकचकीत असला तरी मासळी नासते.

इथे पुन्हा उत्तरेकडे पाहिले तर एक कडू उदाहरण सापडते. १९८३ मध्ये युरोपीय समुदायाने सीलच्या काही जातींच्या पिल्लांच्या कातड्यांच्या आयातीवर बंदी घातली. इनुइट प्रामुख्याने वेगळ्या जातीचे, पूर्ण वाढलेले सील मारत. बंदी त्यांच्यावर नव्हती. पण सीलच्या कातड्याचा एकूण बाजारच कोसळला, आणि बर्फगाडीच्या पेट्रोलला लागणारा पैसा आटला. २००९ च्या नव्या बंदीत इनुइटांना स्पष्ट सूट होती, तरी गेलेले गिऱ्हाईक परत आले नाही. कुणी त्यांच्या समुद्राला हात लावला नव्हता. बाजार मिटला आणि शिकार परवडेनाशी झाली.

७. आक्षेप आणि त्यांची वजाबाकी

पहिला आक्षेप संख्येचा. आज किती कोळी समुद्रावर जातात? मुले बँकेत, पालिकेत, विमानतळावर नोकरी करतात. खोल्या भाड्याने दिल्या आहेत. होडीवरचे खलाशीही बरेचदा बाहेरगावचे. हे सारे खरे. नुनावुतमध्येही घरातला एक जण पगारावर असतो आणि त्याच्या पगारातून दुसऱ्याच्या शिकारीचे इंधन येते. मिश्र उपजीविका हे व्यवसाय मेल्याचे लक्षण नाही. शिवाय तरुण का सोडून जातात, याचे उत्तर बंद झालेल्या वाटा आणि आक्रसलेला बाजार यांतच बरेचसे आहे. आधी वाट अडवायची आणि मग कुणी येत-जात नाही म्हणायचे, हा न्याय नव्हे. मात्र आक्षेपाचा एक अंश स्वीकारावा लागतो. ज्या कोळीवाड्यातून एकही होडी निघत नाही त्याचा पाण्यावरचा दावा क्षीण होतो, आणि उरतो तो फक्त घरांचा प्रश्न. तो इतर कुठल्याही जुन्या वस्तीच्या घरांसारखाच सोडवावा.

दुसरा आक्षेप मासळीचा. मासळी कोळ्यांनीच संपवली. थवेच्या थवे घेरणारी पर्ससीन जाळी, मासळी खेचणारे एलईडी दिवे, बारीक आसाची जाळी, पापलेटची पिल्ले पकडणे, हे कुणी केले? सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला राज्यमाशाचा दर्जा देण्याची वेळ आली ती त्याची चैन चालली होती म्हणून नव्हे. मोठ्या बोटींच्या मालकांत कोळीही आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. पण ‘मच्छिमार’ या एका शब्दाखाली खोल समुद्रातला पर्ससीन मालक आणि वरळीच्या खडकांत छोटी होडी चालवणारा यांना एकत्र मोजले की आक्षेप सोपा होतो आणि चुकतो. शहराचा वाटाही मोजावा लागेल. मिठी नदी माहीमच्या उपसागरात रिकामी होते. वरळी आणि वांद्रे इथले सांडपाण्याचे बोगदे तीन किलोमीटरहून अधिक समुद्रात जातात. म्हणजे शहराने स्वतःच्या मैल्यासाठी पाण्यातली हद्द केव्हाच आखून घेतली आहे.

तिसरा आक्षेप तत्त्वाचा, आणि तो जास्त वजनदार. समुद्र सर्वांचा, एका जातीला त्यावर हक्क का? उत्तर असे की मागणी मालकीची नाही, वहिवाटीची आहे, आणि वहिवाट सार्वजनिक मालमत्तेवरच असते. शिवाय सर्वांच्या समुद्रातून शंभर हेक्टर वजा झाले तेव्हा ‘सर्व’ या शब्दाचा आग्रह फारसा कुणी धरला नव्हता. जातीचा मुद्दा मात्र खरा आहे. मुंबईच्या किनाऱ्यावरचे सोनकोळी अनुसूचित जमातींच्या यादीत नाहीत, त्यामुळे आदिवासींसाठीच्या तरतुदी त्यांना थेट लागू होत नाहीत; आणि होडीवर राबणारा परप्रांतीय खलाशी जातीच्या हक्कातून वगळला जाईल. यावरची तोड भारतीय कायद्यातच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने अनुसूचित जमातींबरोबर ‘इतर पारंपरिक वननिवासी’ असा वर्ग मानला आणि हक्काचा आधार वापरात शोधला. जंगलातल्या तळ्यातली मासळीसुद्धा त्या कायद्याच्या सामूहिक हक्कांत येते. समुद्रासाठी मात्र तसा कायदा नाही.

चौथा आक्षेप थोडक्यात आटोपण्यासारखा आहे: डिझेल इंजिन आणि नायलॉनचे जाळे आले तेव्हाच परंपरा संपली. साधन बदलल्याने हक्क जात असता, तर ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्याचा सातबाराही कोरा झाला असता.

८. हद्द आखायची कशी

पाण्यातली हद्द आखण्यासाठी पूर्ण नवा कायदा येईपर्यंत थांबण्याची गरज नाही. २०११ च्या किनारपट्टी अधिसूचनेने बृहन्मुंबईतल्या कोळीवाड्यांना वेगळे संरक्षण दिले होते आणि त्यांचे मापन करायला सांगितले होते. त्याच अधिसूचनेतील मार्गदर्शक सूचनांनुसार किनारा व्यवस्थापनाच्या नकाशांत मच्छिमारांच्या सामायिक जागा, धक्के, मासळी वाळवण्याची ठिकाणे, तसेच पाण्यातली मासेमारीची क्षेत्रे आणि प्रजननाच्या जागाही दाखवायच्या होत्या. म्हणजे पाण्यावर रेघ मारण्याची कल्पना सरकारी कागदावर आलेली आहे. पुढच्या सगळ्या चर्चेत मात्र कोळीवाड्यांचे सीमांकन म्हणजे घरांचे सीमांकन, असेच समीकरण बनले: किती चौरस मीटर, किती चटईक्षेत्र, किती मजले. घरांची मोजणी मतदारसंघाला समजते. प्रवाहाची समजत नाही.

कामाच्या दृष्टीने यात तीन पायऱ्या आहेत. प्रत्येक चालू बंदरासाठी होड्यांच्या जा-ये करण्याच्या मार्गांची, ऋतूनुसार आणि भरतीनुसार, नोंद व्हावी. आज जीपीएस यंत्र साध्या होडीवरही असते, त्यामुळे ही नोंद मच्छिमार सोसायट्या स्वतः ठेवू शकतात आणि ठेवाव्यात; न्यायालयात ‘आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथून जातो’ या वाक्यापेक्षा एका हंगामाची नोंद अधिक टिकते. दुसरी पायरी, समुद्रात होणाऱ्या कुठल्याही बांधकामाच्या आराखड्याआधी ही नोंद मागवणे बंधनकारक करणे. क्लीव्हलँड बंदराचा खांब आराखड्यातच वगळला गेला असता तर काही वर्षांचा वाद आणि बराच खर्च वाचला असता. तिसरी पायरी भरपाईची. होडी आणि जाळ्यांच्या किमतीवर भरपाई बेतली की पाण्यात न उतरणारी, पण पाण्यावर जगणारी कोळीण आणि खडकावर कालवे फोडणारी बाई यादीबाहेर राहते. छोट्या मासेमारीविषयीची संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वे मासळी विकणाऱ्या आणि सुकवणाऱ्यांनाही मच्छिमारच मानतात. तेवढी व्याख्या घेतली तरी यादी बदलते.

वहिवाट मान्य झाली की बंधनेही येतात, आणि ती सोसायट्यांना आवडतीलच असे नाही. १ जून ते ३१ जुलै या एकसष्ट दिवसांच्या पावसाळी बंदीची काटेकोर अंमलबजावणी, जाळ्याच्या आसाचे किमान माप, १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखालचे परवाने, आणि आपल्याच सभासदाच्या एलईडी बोटीविरुद्ध तक्रार करण्याची तयारी, हे त्या हक्काचेच भाग ठरतील. नुनावुतच्या मंडळात ध्रुवीय अस्वलाचा कोटा ठरवताना इनुइट सदस्यांना असेच कठीण निर्णय आपल्याच शिकाऱ्यांसमोर मांडावे लागतात. वरळीच्या सोसायट्यांनी साठ मीटरांविरुद्ध एकत्र येऊन सरकारला आराखडा बदलायला लावला. आपल्याच किनाऱ्यावरची बारीक आसाची जाळी उचलायला लावण्याइतका अधिकार त्यांना कायद्याने अजून दिलेला नाही, आणि हद्दीच्या नकाशाबरोबर तोही लिहून द्यावा लागेल.